पत्ता न पडलेली विकरे : आय-सेल रोगाचे प्रकरण

हर्लर सिंड्रोम हा दुर्मीळ आजार १९६०च्या दशकातील बालरोगतज्ज्ञ दोन खुणांवरून ओळखत असत. पहिली खूण डोळ्यांना दिसणारी होती : मूल वर्षा-दीड वर्षाचे होईपर्यंत चेहऱ्याची ठेवण जाडसर होत जाई, सांधे आखडत, पाठीला बाक येई, यकृत आणि प्लीहा वाढत. दुसरी खूण प्रयोगशाळेतली होती : लघवीत म्युकोपॉलिसॅकराइड या लांब साखळ्यांच्या शर्करांचे प्रमाण वाढलेले आढळे. दोन्ही खुणा जुळल्या की निदान पक्के होई. अडचण उभी केली ती अशा काही बालकांनी, ज्यांच्यात पहिली खूण जन्मापासूनच आणि अधिक ठळकपणे हजर होती, म्हणजे हिरड्या जाड, त्वचा ताठर, नितंबाचा सांधा निखळलेला, पावले वाकडी. दुसरी खूण मात्र त्यांच्यात सापडत नव्हती.

विस्कॉन्सिन विद्यापीठात जूल्स लेरॉय आणि रॉबर्ट डिमार्स यांनी या प्रकारच्या रुग्णाच्या त्वचेचा बारीक तुकडा घेऊन त्यातील फायब्रोब्लास्ट पेशी काचपात्रात वाढवल्या आणि फेज-कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पेशीद्रवात गडद कणांची इतकी दाटी होती की मोकळी जागा फारशी उरलेली दिसत नव्हती. पेशीत साठलेल्या अशा कणांना इंग्रजीत इन्क्लूजन म्हणतात. त्या शब्दाचे आद्याक्षर घेऊन या पेशींना आय-सेल आणि आजाराला आय-सेल रोग हे नाव पडले. त्यांचा शोधनिबंध १९६७ साली प्रसिद्ध झाला. पुढे वर्गीकरणाच्या सोयीसाठी याच आजाराला म्युकोलिपिडोसिस-२ म्हणू लागले. पण जुने नाव अधिक प्रामाणिक आहे, असे मला वाटते, कारण त्यात जे प्रत्यक्ष दिसले तेवढेच सांगितले आहे.

ते गडद कण म्हणजे फुगलेल्या लयकारिका होत्या. लयकारिका किंवा लायसोसोम ही पेशीतील पाचक पिशवी. बेल्जियमच्या क्रिस्तियां द ड्यूव यांनी १९५५ साली तिला हे नाव दिले. तिच्या आत सुमारे साठ प्रकारची विकरे असतात आणि ती प्रथिने, मेद, शर्करा, न्यूक्लिक आम्ले अशा मोठ्या रेणूंचे तुकडे करतात. आतले द्रव आम्लधर्मी असते, साधारण ४.५ ते ५ सामू इतके, आणि ही विकरे त्याच आम्लात नीट काम करतात. शालेय पुस्तकांतून लयकारिकांची ओळख ‘आत्मघाती पिशव्या’ अशी करून दिली जाते. ती उपमा मुलांच्या लक्षात राहते हे खरे, पण तिच्यामुळे लयकारिकेचे रोजचे काम झाकले जाते. जीर्ण झालेला माल मोडून त्यातले सुटे भाग पुन्हा वापरायला देणे, हे ते काम. ते थांबले की पेशी आत्मघात करत नाही. ती न मोडलेल्या मालाखाली हळूहळू दबत जाते. हर्लर आजारात एकच विकर नसते, त्यामुळे एकाच जातीचा माल साठतो. आय-सेलमध्ये मात्र बीटा-ग्लुकुरोनिडेझ, बीटा-हेक्सोसअमिनिडेझ, अरिलसल्फटेझ अशी एकमेकांशी संबंध नसलेली अनेक विकरे एकाच वेळी अत्यल्प झालेली होती.

या प्रकरणातला पेच इथेच होता. प्रत्येक विकराचे जनुक वेगळे असते आणि ही जनुके वेगवेगळ्या गुणसूत्रांवर विखुरलेली असतात. एका बालकात एवढी सगळी जनुके एकदम बिघडणे अशक्य. शिवाय आजाराचा वारसा साध्या अप्रभावी पद्धतीचा होता : आई-वडील निरोगी, आणि मुलांपैकी सरासरी चौघांत एक आजारी. अर्थात बिघाड एकाच जनुकात होता, पण त्या एकाने डझनावारी विकरांची वाट लावली होती.

दुसरा धागा १९७१ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथील विझमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाती लागला. ज्या पोषक द्रवात आय-सेल वाढत होत्या, तो द्रव त्यांनी तपासला. एरवी हा द्रव दर दोन-तीन दिवसांनी बदलून ओतून दिला जातो. पेशींच्या आत जी विकरे जवळजवळ नव्हती, ती या द्रवात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त होती. रुग्णांच्या रक्तद्रवातही तसेच आढळले. विकरे तयार होत होती, त्यांची कार्यक्षमता शाबूत होती, फक्त ती पेशीच्या बाहेर होती. विझमन यांनी याचा अर्थ गळती असा लावला आणि निबंधाच्या शीर्षकात त्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवले. भांड्याला भोक पडले असेल तर आतले सगळेच कमी-अधिक बाहेर यायला हवे, त्यात निवड कशी असेल, हा आक्षेप तेव्हाही घेता आला असता. पण त्याची परीक्षा घेणारा प्रयोग वेगळ्याच कामातून पुढे आला.

ते काम बेथेस्डा येथील अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत एलिझाबेथ न्यूफेल्ड यांच्या प्रयोगशाळेत चालू होते. १९६८ साली त्यांच्या गटाने हर्लर रुग्णाच्या आणि हंटर सिंड्रोम या तशाच आजाराच्या रुग्णाच्या पेशी एकाच काचपात्रात मिसळून वाढवल्या. दोन्ही आजारांत म्युकोपॉलिसॅकराइड साठतात, आणि किरणोत्सारी गंधकाची खूण लावून ते किती साठले हे मोजता येते. दोन आजारी पेशी एकत्र आल्यावर साठा कमी झाला, दोन्हींचा. एका पेशीने बाहेर सोडलेले काहीतरी दुसरी पेशी आत घेत होती आणि त्याने तिची उणीव भरून निघत होती. दोघींना एकमेकींच्या संगतीतच राहावे लागे असेही नव्हते. निरोगी पेशी ज्यात वाढल्या तो द्रव नुसता ओतला तरी परिणाम दिसे. ‘दुरुस्ती घटक’ असे तात्पुरते नाव मिळालेल्या या पदार्थांचा पाठपुरावा केल्यावर ती लयकारिकेतलीच विकरे निघाली. हर्लरमध्ये अल्फा-एल-इड्युरोनिडेझ नसते, हंटरमध्ये इड्युरोनेट सल्फटेझ नसते, हे याच वाटेने कळले.

हिकमन आणि न्यूफेल्ड यांनी १९७२ साली हीच पद्धत आय-सेलला लावली. प्रश्न दोन होते. निरोगी पेशींची विकरे आय-सेल आत घेते का? घेते, आणि ती आत गेल्यावर लयकारिकेत नीट टिकतात. म्हणजे पिशवीला भोक नव्हते. आता उलट बाजू : आय-सेलने बाहेर टाकलेली विकरे दुसऱ्या पेशी आत घेतात का? घेत नाहीत. त्या द्रवातले विकर परीक्षानळीत आपले काम चोख करी, पण पेशीच्या दारात त्याला कोणी ओळखत नव्हते. निष्कर्ष असा की लयकारिकेच्या सगळ्या विकरांवर एक समान ओळखचिन्ह असते, पेशी ते पाहून त्यांना योग्य जागी नेते, आणि आय-सेलमध्ये ते चिन्ह लावलेच जात नाही. विकर बनवणारी जनुके निर्दोष होती. सदोष होते ते चिन्ह लावणारे जनुक. या दोन उलटसुलट प्रयोगांइतका स्वच्छ युक्तिवाद जीवशास्त्रात क्वचितच सापडतो. साहित्य म्हणाल तर काचपात्रे, त्वचेच्या पेशी आणि टाकाऊ समजला जाणारा द्रव, एवढेच.

न्यूफेल्ड यांच्या मांडणीत एक चूकही होती, आणि ती इथे नोंदवायला हवी. त्यांना वाटले की निरोगी पेशीसुद्धा आपली सगळी विकरे आधी बाहेर सोडतात आणि मग चिन्ह ओळखून परत आत घेतात. तसे असते, तर बाहेरच्या दारावरचा ग्राही, म्हणजे चिन्ह ओळखून विकराला धरणारे प्रथिन, अडवल्याबरोबर निरोगी पेशीतील विकरे घटायला हवी होती. पुढे असे अडथळे आणून पाहिले गेले, तेव्हा आतला साठा फारसा हलला नाही. बहुतेक विकरे कधी बाहेर जातच नाहीत. पेशीच्या आतल्या आतच त्यांची वाट वेगळी होते. थोडी निसटतात, तीच परत उचलली जातात. चिन्हाचा अंदाज बरोबर होता, ते चिन्ह कोठे वाचले जाते याचा अंदाज चुकला होता.

चिन्ह शर्करेचे असावे, असा संशय १९७४ पर्यंत बळावला होता. पेरिआयोडेट हे रसायन शर्करेची कडी मोडते पण प्रथिनाला फारसे दुखवत नाही; त्याची प्रक्रिया केलेले विकर कार्यक्षम राही, मात्र पेशी ते उचलेनाशी होई. पण कोणती शर्करा? सेंट लुइस येथे विल्यम स्लाय, अर्नोल्ड कॅप्लन आणि डॅनियल अ‍ॅकॉर्ड हे बीटा-ग्लुकुरोनिडेझवर काम करत होते. हे विकर जन्मतः नसलेल्या रुग्णाचे वर्णन स्लाय यांनीच १९७३ साली केले होते. त्यांनी विकर पेशीत शिरण्याला कोणते पदार्थ अटकाव करतात ते एकेक करून पाहिले. साधी मॅनोज शर्करा फार कमी अटकाव करी. फॉस्फेट जोडलेली मॅनोज, म्हणजे मॅनोज-६-फॉस्फेट, अतिशय प्रभावी ठरली. विकरावरचा फॉस्फेट अल्कलाइन फॉस्फटेझने खरवडून काढला की ते पेशीत शिरत नसे. १९७७ साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले, कारण सस्तन प्राण्यांच्या प्रथिनांवर फॉस्फेट लागलेली मॅनोज असते अशी तोवर कल्पनाच नव्हती. तसले रेणू यीस्टच्या भिंतीतले म्हणून माहीत होते.

मग हा शिक्का मारतो कोण? सेंट लुइसमधील स्टुअर्ट कॉर्नफेल्ड यांची प्रयोगशाळा आणि जर्मनीतील म्युन्स्टर येथील कुर्ट फॉन फिगुरा आणि आंद्रेय हासिलिक यांचा गट या प्रश्नावर एकाच वेळी काम करत होते. त्यांना आढळले की अर्धवट तयार झालेल्या विकरांवरचा फॉस्फेट उघडा नसतो. त्याच्यावर एन-असिटिलग्लुकोसमाइन या दुसऱ्या शर्करेची टोपी असते. म्हणजे काम दोन टप्प्यांत होते. पहिले विकर टोपीसकट फॉस्फेट आणून मॅनोजवर बसवते. दुसरे विकर ती टोपी काढते आणि शिक्का वाचनीय होतो. पहिल्या विकराचे नाव जीएलसीएनएसी-१-फॉस्फोट्रान्सफरेझ. ते तोंडात बसणारे नाही, म्हणून पुढे त्याला नुसते फॉस्फोट्रान्सफरेझ म्हणू. १९८१ साली मार्क राइटमन, अजित वार्की आणि कॉर्नफेल्ड यांनी दाखवून दिले की आय-सेल रुग्णांच्या पेशींत नेमके हेच विकर नसते. वार्की यांचे वैद्यकीय शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातले. त्याच वर्षी जर्मन गटही त्याच निष्कर्षावर आला. चौदा वर्षांपूर्वी दिसलेल्या गडद कणांचे कारण आता एका विकरापर्यंत पोहोचले होते.

आता निरोगी पेशीत या विकरांचा प्रवास कसा होतो ते सविस्तर पाहू, म्हणजे आय-सेलमध्ये वाट नेमकी कोठे तुटते हे कळेल. लयकारिकेचे विकर रायबोसोमवर तयार होऊ लागते तेव्हा त्याच्या सुरुवातीच्या टोकाला अमिनो आम्लांचा एक छोटा संकेत असतो. तो संकेत त्याला आंतर्द्रव्यजालिकेच्या आत ओढून नेतो. प्रथिनांच्या अंगातच त्यांच्या जागेचे संकेत असतात, हे दाखवल्याबद्दल गुंटर ब्लोबेल यांना १९९९चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही पत्त्याची पहिली ओळ. पण ती ‘जालिकेत जा’ एवढेच सांगते. रक्तात जाणारे अल्ब्युमिन, पोटात पाझरणारे पेप्सिनोजेन, पेशीच्या पृष्ठभागावरचे ग्राही आणि लयकारिकेची विकरे असे सगळे या एकाच दारातून आत येतात. आय-सेलमध्ये ही पहिली ओळ शाबूत असते. विकरे पेशीबाहेर पडतात हाच त्याचा पुरावा, कारण जालिकेत शिरल्याखेरीज प्रथिनाला बाहेरची वाट सापडत नाही.

जालिकेत विकरावर १४ शर्करांचा एक तयार झुपका बसवला जातो, आणि त्यात मॅनोज नऊ असतात. पण हाच झुपका तिथून जाणाऱ्या इतर असंख्य प्रथिनांवरही बसतो. तेवढ्यावरून ओळख पटत नाही. ओळख पटवण्याचे काम गॉल्गी संकुलाच्या सुरुवातीच्या भागात बसलेल्या फॉस्फोट्रान्सफरेझचे. तिथून जाणाऱ्या गर्दीतून ते लयकारिकेची तेवढीच विकरे निवडते आणि त्यांच्याच मॅनोजवर शिक्का मारते. कसे निवडते? विकरांच्या अमिनो आम्लांच्या क्रमात शोधून शोधून एकही समान ओळ सापडली नाही. विकराची घडी उलगडली, तर शिक्का बसत नाही. म्हणजे खूण क्रमात नसून घडीत आहे : साखळीत एकमेकांपासून दूर असलेले भाग घडी पडल्यावर शेजारी येतात आणि त्यांचा मिळून जो पृष्ठभाग तयार होतो, तो फॉस्फोट्रान्सफरेझ ओळखते.

याचा पुरावा कॉर्नफेल्ड यांच्या प्रयोगशाळेने १९९० साली दिला, आणि या सगळ्या प्रकरणातला तो मला सर्वांत देखणा प्रयोग वाटतो. कॅथेप्सिन-डी हे लयकारिकेचे विकर आणि पेप्सिनोजेन हे जठरात पाझरणारे प्रथिन ही रचनेने सख्खी भावंडे आहेत. घडी जवळजवळ सारखी, गंतव्यस्थान मात्र वेगळे. संशोधकांनी पेप्सिनोजेनमध्ये कॅथेप्सिन-डीचे तुकडे थोडे थोडे करून बसवले. २०३ क्रमांकाचे लायसिन आणि २६५ ते २९२ या क्रमांकांमधला पट्टा एवढे दिल्यावर, ज्याला शिक्क्याशी कधी देणेघेणे नव्हते अशा त्या प्रथिनावर शिक्का बसू लागला. साखळीत साठ-सत्तर जागा दूर असलेले हे दोन भाग घडीत एकाच बाजूला येतात.

मुंबईच्या डबेवाल्यांची उपमा प्रथिनांच्या वाहतुकीला हमखास दिली जाते. ती इथे अर्धीच लागू पडते. डब्यावरची खूण डबा घरून निघण्याआधीच रंगवलेली असते. इथे मात्र डबा निम्म्या वाटेत असताना एक कारकून त्याचा आकार चाचपून ठरवतो की याच्यावर शिक्का मारायचा की नाही. तो कारकून कामावर आला नाही तर डबे थांबून राहत नाहीत, परतही जात नाहीत. ते सरळ पेशीच्या बाहेर पोहोचतात, कारण जालिकेतून आलेल्या विद्राव्य प्रथिनाला दुसरी काही सूचना नसेल तर बाहेर पडणे हाच त्याचा नेहमीचा मार्ग.

शिक्का मिळालेली विकरे गॉल्गीच्या शेवटच्या भागात पोहोचतात. तिथे मॅनोज-६-फॉस्फेटचे ग्राही त्यांची वाट पाहत असतात. असे ग्राही दोन जातींचे : एक मोठा, सुमारे ३०० किलोडाल्टन वजनाचा, आणि एक लहान, सुमारे ४६ किलोडाल्टनचा. मोठ्या ग्राहीला दुसरेही एक काम आहे. १९८७ साली त्याचा क्रम वाचला गेला तेव्हा कळले की इन्सुलिनसदृश वाढ-घटक-२ ज्याला चिकटतो तो ग्राही आणि हा ग्राही एकच. विकराला धरलेल्या ग्राहीच्या पेशीद्रवातल्या शेपटीवर जीजीए आणि एपी-१ ही जोडणी करणारी प्रथिने बसतात, त्यांच्यावर क्लॅथ्रिनची जाळी चढते, आणि एक बारीक पुटिका तुटून लयकारिकेच्या वाटेवरच्या एंडोसोम या पिशवीकडे निघते.

ग्राही विकराला सोडतो केव्हा? गॉल्गीच्या शेवटी सामू ६.५ च्या आसपास असतो, आणि त्या सामूला पकड घट्ट असते. एंडोसोममध्ये सामू ६ च्या खाली उतरतो, तेव्हा पकड सुटते. विकर पुढे लयकारिकेत जाते आणि ग्राही पुढच्या खेपेसाठी गॉल्गीकडे परततो. मलेरियावरचे जुने औषध क्लोरोक्विन या पिशव्यांतले आम्ल कमी करते. ते निरोगी फायब्रोब्लास्टना दिले की ग्राही आपले विकर सोडत नाहीत, मोकळे ग्राही संपत जातात, आणि नव्याने बनलेली विकरे पेशीबाहेर पडू लागतात. जनुकात काहीही बिघाड नसताना आय-सेलच्या जवळपासचे चित्र उभे राहते. १९८० मध्ये स्लाय यांच्या गटाने हे नोंदवले, आणि वाहतूक शिक्क्यावर जेवढी तेवढीच रिकाम्या गाड्या परत येण्यावर अवलंबून असते हे त्यातून दिसले.

सुमारे एक दशांश मोठे ग्राही पेशीच्या पृष्ठभागावर असतात. निसटलेली विकरे तेच परत उचलतात. न्यूफेल्ड यांना १९६८ साली दिसलेली दुरुस्ती याच वाटेने झाली होती. आय-सेल रुग्णाच्या पेशींत हे ग्राही पूर्णपणे निरोगी असतात, फक्त त्यांना धरायला काही मिळत नाही.

जनुके ओळखायला आणखी दोन दशके लागली. फॉस्फोट्रान्सफरेझ तीन प्रकारच्या घटकांचे बनलेले असते, प्रत्येकी दोन-दोन. गॅमा घटकाचे जनुक १६ व्या गुणसूत्रावर आहे आणि ते २००० साली सापडले. अल्फा आणि बीटा हे घटक १२ व्या गुणसूत्रावरच्या जीएनपीटीएबी या एकाच जनुकापासून बनतात, ते २००५ साली हाती आले. हे जनुक १,२५६ अमिनो आम्लांची एक अखंड साखळी तयार करते, आणि गॉल्गीत दुसरे एक विकर ती कापून तिचे अल्फा आणि बीटा करते. जीएनपीटीएबीच्या दोन्ही प्रती पूर्ण निकामी झाल्या तर म्युकोलिपिडोसिस-२. काही टक्के काम शिल्लक राहिले तर म्युकोलिपिडोसिस-३, ज्याला पूर्वी स्यूडो-हर्लर पॉलिडिस्ट्रॉफी म्हणत. त्यात सांध्यांचा ताठरपणा बालपणी सुरू होतो आणि रुग्ण प्रौढ वयापर्यंत जगतो. पहिल्या प्रकारातील बहुतेक मुले हृदयाच्या आणि श्वसनाच्या बिघाडामुळे बालपणातच दगावतात. एवढ्या मोठ्या फरकामागे शिल्लक राहिलेले थोडेसेच शिक्के असतात.

या जनुकाची आणखी एक अनपेक्षित बाजू २०१० साली पुढे आली. पाकिस्तानातील एका मोठ्या कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या दिसणाऱ्या तोतरेपणाचा माग काढताना अमेरिकी संशोधक जीएनपीटीएबीमधल्याच एका बदलापाशी पोहोचले. नंतर गॅमा घटकाच्या आणि टोपी काढणाऱ्या विकराच्या जनुकांतही असे बदल इतर तोतरे बोलणाऱ्यांत मिळाले. या माणसांना म्युकोलिपिडोसिस नव्हता.

आजार दुर्मीळ असला तरी सगळीकडे सारखा दुर्मीळ नाही. कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या सागने-लाक-सें-जाँ या भागात सुमारे ६,२०० जन्मांमागे एक असे त्याचे प्रमाण नोंदले गेले आहे आणि तिथे साधारण ३९ माणसांत एक वाहक आहे. थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या त्या वस्तीत एकच जुना बदल पसरला. आपल्याकडे कारण निराळे असते. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक करण्याची प्रथा आहे. सख्ख्या मामे-आते भावंडांच्या जनुकांचा सरासरी आठवा हिस्सा समान पूर्वजांकडून आलेला असतो, त्यामुळे अप्रभावी आजाराचे एकच जनुक दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते. हे सांगताना घराण्याला दोष देण्याचा सूर लागू नये. वाहक आई-वडिलांना कोणताही त्रास नसतो, आणि तपासणीखेरीज ते त्यांना कळण्याचा मार्ग नाही.

उपचारांच्या बाबतीत या प्रकरणात मोठा विरोधाभास आहे. आय-सेलमुळे मॅनोज-६-फॉस्फेटचा शोध लागला, आणि त्या शोधाचा लाभ इतर आजारांना झाला. कारखान्यात बनवलेल्या विकरावर शिक्का असेल तर ते शिरेतून देता येते. पेशींच्या पृष्ठभागावरचे ग्राही ते उचलून लयकारिकेत पोहोचवतात. हर्लरसाठी लॅरोनिडेझ २००३ साली, पॉम्पे आजारासाठी अल्ग्लुकोसिडेझ-अल्फा २००६ साली, आणि स्लाय यांच्या नावाच्या आजारासाठी व्हेस्ट्रोनिडेझ-अल्फा २०१७ साली अमेरिकेत मंजूर झाले. पॉम्पेमध्ये स्नायूंच्या पेशी विकर नीट उचलत नाहीत असे दिसले, तेव्हा अधिक शिक्के असलेले नवे रूप तयार करण्यात आले, आणि ते २०२१ साली मंजूर झाले. आय-सेल रोगाला मात्र यातले काहीच लागू पडत नाही. डझनावारी विकरे एकदम द्यावी लागतील. आणि मूळ दोषी असलेले फॉस्फोट्रान्सफरेझ तर गॉल्गीच्या पटलात रुतलेले प्रथिन आहे, ते बाहेरून टोचून तिथे पोहोचवता येत नाही. अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणामागचा तर्क चांगला होता, कारण दात्याच्या पेशी शिक्का मारलेली विकरे बाहेर सोडतील आणि रुग्णाचे निरोगी ग्राही ती उचलतील. पण हाडांचा बिघाड जन्माआधीच सुरू झालेला असतो आणि प्रत्यक्षात लाभ तुटपुंजाच झाला.

एक धागा अजून सोडवायचा आहे. शिक्का मारणारे विकर सगळ्या शरीरात नसेल, तर सगळ्या पेशी सारख्याच भरून जायला हव्यात. तसे होत नाही. आय-सेल रुग्णांच्या यकृताच्या पेशींत आणि रक्तातील पांढऱ्या पेशींत लयकारिकेची विकरे जवळजवळ सामान्य प्रमाणात सापडतात. म्हणजे शिक्क्यावाचून लयकारिकेत पोहोचण्याच्या आणखी वाटा आहेत. त्यातली एक २००७ साली स्पष्ट झाली : गोशे आजारात जे विकर बिघडते, ते ग्लुकोसेरेब्रोसिडेझ, मॅनोज-६-फॉस्फेटशिवाय लिम्प-२ या पटलातील प्रथिनाला धरून थेट लयकारिकेत जाते. त्यामुळे आय-सेलमध्येही त्याचा ठिकाणा चुकत नाही. इतर विकरांना यकृतात कोण नेते, याचे उत्तर तुकड्या-तुकड्यांनीच मिळाले आहे. सॉर्टिलिनसारखे काही ग्राही त्यात भाग घेतात.

या अपवादाचा परिणाम दवाखान्यात थेट जाणवतो. लयकारिकेच्या आजारांची तपासणी भारतात आणि इतरत्रही बहुतेक वेळा रक्तातील पांढऱ्या पेशींतील विकरे मोजून केली जाते. हर्लर, गोशे किंवा पॉम्पेसाठी ती योग्य आहे. पण जाड हिरड्या, ताठर सांधे आणि निखळलेला नितंब घेऊन जन्मलेल्या बाळाच्या पांढऱ्या पेशी तपासायला पाठवल्या, तर उत्तर ‘सर्व विकरे सामान्य’ असे येऊ शकते आणि लघवीतही म्युकोपॉलिसॅकराइडचे प्रमाण विशेष वाढलेले सापडत नाही. अशा बाळाच्या रक्तातील पेशी बाजूला करून उरलेला रक्तद्रव तपासावा लागतो. त्यात बीटा-हेक्सोसअमिनिडेझ, अरिलसल्फटेझ आणि त्यांच्या जोडीची विकरे एकदम कित्येक पटींनी, काही रुग्णांत दहा पटींनी, वाढलेली मिळाली की निदान जवळपास ठरते. मग जीएनपीटीएबीचा क्रम वाचून त्याची खातरजमा होते, आणि दोन्ही प्रतींतले बदल कळले की पुढच्या गरोदरपणात अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेच्या तुकड्यावरून गर्भाची तपासणी करता येते.